छोट्या क्रॉस कुत्र्याला ‘खराब निघालं’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रात एका गृहस्थांनी सोसायटीतल्या छोट्या कुत्र्यांबद्दल लिहिलं होतं. म्हणे मोठी कुत्री परवडली पण ही एवढीएवढीशी कुत्री दिवसभर भुंकून डोकं उठवतात, लिफ्टमध्ये पायाला धावतात, आणि मालक नुसते कौतुकाने बघत उभे राहतात. त्यांचा त्रास खरा आहे, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी झोप लागू देत नाहीत ही कुत्री हे मी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमध्ये रोज बघते. पण पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय की ही क्रॉस ब्रीडची कुत्री मुळातच खराब निघतात आणि त्यांना काही केलं तरी सुधारता येत नाही, ते वाक्य मला फार लागलं, कारण ते चुकीचं आहे आणि याच वाक्यामुळे कुत्री घराबाहेर काढली जातात.

गंगापूर धरणाच्या रस्त्याला किंवा पांडवलेण्याच्या बाजूला सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी बघितलं असेल, गळ्याभोवतीचे केस पट्ट्याने झिजलेली छोटी पांढरी कुत्री तिथे भेदरून फिरत असतात. ती तिथली नसतात. कोणाच्या तरी सोफ्यावर झोपणारी असतात, चावायला लागली, घरात शी-शू करायला लागली म्हणून गाडीतून आणून सोडलेली. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पाळलेला प्राणी असा टाकून देणं गुन्हा आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना कोणी बघत नाही हेही माहीत आहे. घरात वाढलेलं पाच किलोचं कुत्रं रस्त्यावरच्या टोळीत किती दिवस टिकेल हे मी वेगळं लिहायला नको.

माझ्याकडे वर्षानुवर्षं क्रॉसच कुत्री आहेत. पॉमेरियन आणि गावठी, शिहत्झू आणि पॉमेरियन, डॅशहंड आणि अजून काय ते देव जाणे. आजूबाजूची माणसं त्यामुळे माझ्याकडे विचारायला येतात. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही, पण वाचते खूप आणि बघते त्याहून जास्त, त्यातून जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहिते.

आधी ते ‘मुळातच खराब’ चं बघू. 2022 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून भरून घेतली, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला, त्यात क्रॉस कुत्री भरपूर होती. त्यातून निघालं काय, तर एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या स्वभावात जो फरक असतो त्यातला फक्त 9 टक्क्यांच्या आसपास फरक ब्रीडमुळे सांगता येतो. बाकीचा त्या कुत्र्याचा स्वतःचा पिंड, लहानपणी काय अनुभवलं, घरी कसं वागवलं, वय किती, तब्येत कशी, या सगळ्यातून येतो. म्हणजे आईबाप कोण ते माहीत नाही म्हणून कुत्रं वाईट असं काही नसतं. त्याच्याही आधी 2010 साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या लोकांनी छोटी कुत्री आणि मोठी कुत्री अशी तुलना केली होती, त्यात छोटी कुत्री जास्त उतावळी, जास्त अंगावर येणारी आणि कमी ऐकणारी दिसली हे खरं, पण त्यासोबत हेही दिसलं की छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी वागण्यात एकसारखे नसतात, त्यांना शिकवण्यात आणि त्यांच्याशी खेळण्यात कमी वेळ घालवतात. मला तर हे आपल्याच बिल्डिंगमध्ये दिसतं. लॅब्रॅडॉर अंगावर उडी मारायला लागलं की लोक दुसऱ्या दिवशी ट्रेनर शोधतात. तेच छोट्याने केलं की फोन काढून व्हिडिओ काढतात, आणि पाहुण्यांसमोर तेच केलं की फटका मारतात. आज हसायचं आणि उद्या मारायचं, त्या जीवाने समजायचं तरी काय?

सुरुवात बऱ्याचदा पिल्लू घरी येण्याआधीच बिघडलेली असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा नियम आहे, 2017 च्या श्वान प्रजनन नियमांतही आहे आणि 2018 च्या पेट शॉपच्या नियमांतही, तरी महिन्याभराची, डोळे उघडून दोन आठवडे झालेली पिल्लं सर्रास विकली जातात कारण तेवढी छोटी असली की गोड दिसतात आणि लवकर खपतात. पिल्लू चावताना जोर किती लावायचा हे आईकडून आणि भावंडांकडून शिकतं, जोरात चावलं की भावंड ओरडून खेळ बंद करतं, आई उठून जाते, असं हजार वेळा झालं की त्याला अंदाज येतो. महिन्याच्या पिल्लाचं हे शिक्षणच राहून जातं, मग ते आपल्या घरात येऊन पोरांचे हात फोडतं आणि आपण म्हणतो हे चावरं निघालं.

आलंच असेल असं पिल्लू घरी तर तेच शिक्षण आपण द्यायचं. दात लागला की हात झटकायचा नाही, झटकलेला हात म्हणजे त्याला खेळ वाटतो, शांतपणे हात काढून उठायचं आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे बघायचंही नाही, मग परत येऊन त्याच्या तोंडात चावायची वस्तू द्यायची. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. बाबा हाताने मस्ती करणार आणि आजी ओरडणार असं असेल तर काही उपयोग नाही. आणि तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ असतो त्यात पिल्लाला जग दाखवावं लागतं, तो परत येत नाही. लोक म्हणतात इंजेक्शनं पूर्ण व्हायची आहेत, बाहेर कसं नेऊ, बरोबर आहे, खाली नाही सोडायचं, पण कडेवर घेऊन तर जाता येतं ना. छोट्या कुत्र्याची हीच तर सोय आहे. द्वारकेच्या सर्कलवर ट्रक कसे वाजतात, भाजीबाजारात माणसं कशी ओरडतात, हेल्मेट घातलेला माणूस, काठीवाले आजोबा, शाळेच्या गेटवरची पोरं, हे सगळं लांबून बघू द्यायचं आणि बघताबघता तोंडात काहीतरी चांगलं घालायचं. घाबरायला लागलं की आणखी लांब जायचं, ओढून जवळ न्यायचं नाही.

आता गुरगुरणं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त कुत्री यापायी घर गमावतात.

आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंकडे चेरी म्हणून शिहत्झू-पॉमेरियन क्रॉस कुत्री आहे, आठएक वर्षांची. काकू एक दिवस रडवेल्या होऊन आल्या, म्हणाल्या, “अगं ती मला खायला उठते, सोफ्यावरून उचलायला गेले की अंगावर येते, मुलगा म्हणतोय देऊन टाकू.” मी म्हटलं काकू तुम्ही उचला, मी फक्त बघते. काकू सोफ्याकडे निघाल्या आणि त्या दोन पावलं लांब असतानाच चेरीने तोंड बाजूला वळवलं. मग जीभ काढून नाक चाटलं. मग जांभई दिली, भर दुपारी झोप झालेली असताना. काकू वाकल्या तशी ती पूर्ण ताठ झाली, डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसायला लागला, आणि मग गुरगुरली. मी काकूंना तिथेच थांबवलं. तिने चार वेळा ‘नको’ म्हणून सांगितलं होतं आणि काकूंना फक्त पाचवं ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं तर मागच्या दोन दाढा सडलेल्या, हिरड्या सुजलेल्या, उचलताना काकूंचा हात नेमका जबड्याखाली जायचा. दाढा काढल्या, त्यानंतर काकूंना मी उचलायचंच बंद करायला लावलं, सोफ्याला एक छोटी पायरी लावली आणि ‘खाली’ म्हटलं की हातातल्या तुकड्यामागे उतरायचं एवढं शिकवलं. चेरी अजून त्यांच्याकडेच आहे.

छोट्या कुत्र्यांचे दात फार लवकर खराब होतात, जबडा लहान आणि दात दाटीवाटीने, दुधाचे दातही पडायचे राहून जातात कधीकधी. गुडघ्याची वाटी सरकायचा त्रासही यांच्यातच जास्त, मधेच एक पाय उचलून उड्या मारत चालतं ते त्यामुळे. म्हणून जे कुत्रं काल बरं होतं आणि आज अचानक गुरगुरायला लागलं त्याला आधी डॉक्टरकडे न्या, ट्रेनरकडे नंतर.

आणि गुरगुरलं म्हणून मारू नका हो. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. मारून मारून ती बंद करता येते, नक्की येते, पण आतली भीती तशीच राहते, मग एक दिवस ते न गुरगुरता सरळ चावतं आणि लोक म्हणतात काही कारण नसताना चावलं. गुरगुरलं की थांबा, मागे व्हा, आणि ते कशाला नको म्हणतंय ते शोधा. ताटलीपाशी गुरगुरत असेल तर ताटली हिसकून ‘मालक कोण’ दाखवायचं नाही. त्यातून त्याला एवढंच कळतं की माणूस जवळ आला की जेवण जातं. उलट करा. लांबून जाताजाता त्याच्या ताटलीच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा तुकडा टाका आणि पुढे निघून जा. असं रोज केलं की काही आठवड्यांत तुम्ही जवळ आलात की शेपूट हलायला लागते. चोरलेला मोजा तोंडात असेल तर मागे धावू नका, दुसरं काहीतरी भारी दाखवून अदलाबदल करा. घरात लहान मूल असेल तर जेवताना कुत्रं वेगळ्या खोलीत, दार लावून, यात शिकवण्याबिकवण्याच्या भानगडीत पडू नका, आणि प्रकरण चावण्यापर्यंत गेलं असेल तर डॉक्टरांना विचारून चांगला माणूस गाठा.

चावलंच कुत्रं, घरचं असो वा बाहेरचं, कितीही छोटं असो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. ‘आमच्याच कुत्र्याचा दात लागलाय’ म्हणून घरी बसणारे लोक मी बघितलेत, रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी डॉक्टर सांगतील तसं वेळेवर द्या.

हे ‘मालक कोण ते दाखवा’ प्रकरण आलं कुठून तेही सांगते. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांची भांडणं बघून लिहिलं की कळपात सगळे वरचढ व्हायला भांडतात. पुढे डेव्हिड मीच (Mech) यांनी जंगलातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की खरा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे ‘अल्फा’ वगैरे म्हणणं बरोबर नाही. आपण मात्र अजून यूट्यूब बघून पाच किलोच्या कुत्र्याला जमिनीवर उताणं दाबून धरतो. 2009 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात आलेल्या मालकांना विचारलं होतं की तुम्ही काय केल्यावर कुत्रं अंगावर आलं, तर मारणं, उताणं दाबणं, डोळ्यात डोळे घालून रोखून बघणं असल्या उपायांवर बरीच कुत्री उलटून आली होती. तुमच्या वजनाच्या बारापंधरा पट माणूस तुमच्यावर वाकून दाबायला लागला तर तुम्ही काय कराल?

घरात शी-शू करण्याचं थोडक्यात सांगते, कारण यात गूढ काही नाही, फक्त चिकाटी लागते. छोट्या कुत्र्याची लघवीची पिशवीच छोटी असते. पिल्लू जेवढ्या महिन्यांचं तेवढे तास अधिक एक, साधारण एवढंच ते दिवसा धरू शकतं, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास हे सुद्धा खूप झालं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, झोपायच्या आधी, न चुकता खाली न्यायचं, आणि तिथे केलं की तिथेच, दोन सेकंदांच्या आत बक्षीस. घरी येऊन दिलं तर त्याला वाटतं घरी आल्याचं मिळालं. घरात केलेलं नंतर दिसलं तर नाक घासायचं नाही, ओरडायचंही नाही, त्याला त्या ओरडण्याचा आणि तासाभरापूर्वीच्या लघवीचा संबंध लागत नाही, फक्त तुमच्यासमोर करायचं नाही एवढं ते शिकतं आणि मग दिवाणाखाली जाऊन करायला लागतं. फिनाईलने पुसलं की आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो पण त्याच्या नाकाला तो तिथेच असतो, म्हणून एन्झाईमवालं क्लीनर वापरा, पेट शॉपमध्ये मिळतं. पावसाळ्यात छोटी कुत्री बाहेर जायला बघत नाहीत कारण ओलं गवत सरळ पोटाला लागतं, त्यांना पार्किंगमध्ये किंवा बाल्कनीत एक कोरडी जागा ठरवून द्या. पाहुणे आल्यावर आनंदाने किंवा दबकून थेंबभर लघवी होते ती तर मुद्दाम नसतेच, त्यावर ओरडलं तर आणखी वाढते, वाकून डोक्यावरून हात फिरवण्यापेक्षा बाजूला उकिडवं बसा आणि त्याला येऊ द्या. शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर लघवी तपासून घ्या. आणि वयात आलेला नर कोपऱ्याकोपऱ्यात पाय वर करत असेल तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला, बऱ्याच नरांचं त्याने कमी होतं, सगळ्यांचं नाही.

आता ज्यावरून हे सगळं सुरू झालं ते भुंकणं. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना सांगावंसं वाटतं की भुंकणं एक नसतं. बेल वाजली की भुंकणारं, खिडकीतून मांजर दिसली की भुंकणारं, तुमच्या ताटातलं मागायला भुंकणारं आणि एकटं राहिल्यावर रडणारं, ही चार वेगळी कुत्री आहेत आणि चौघांना एकच उपाय म्हणजे ‘गप्प’ म्हणून ओरडणं, हा चालत नाही. आपण ओरडलो की त्याला वाटतं आपणही भुंकायला लागलो.

बेलचं असं करा. बेलचा आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करा. घरात कोणी येणार नसताना अगदी बारीक आवाजात वाजवा आणि लगेच दारापासून लांबच्या चटईवर दोन-तीन तुकडे टाका. बेल, चटई, तुकडे. परत बेल, चटई, तुकडे. दिवसातून दोन-तीनदा, दोनच मिनिटं. आवाज हळूहळू वाढवा, मग खरी बेल घरातल्याच कोणाकडून वाजवून घ्या, मग शेजारच्या वहिनींना सांगा. काही आठवडे गेले की बेल वाजल्यावर ते दाराकडे न धावता चटईकडे जातं, तिथे ते खात असताना तुम्ही कुरिअर घ्या. खिडकीचं त्याहून सोपं, काचेला खालच्या बाजूने दूधिया फिल्म लावा, सोफा खिडकीपासून हलवा. मागण्यासाठी भुंकत असेल तर ताटातला एक दाणाही द्यायचा नाही, आणि इथे एक गोष्ट आधीच माहीत हवी की देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस भुंकणं वाढतं, चांगलंच वाढतं, त्याच वेळी आजोबा कंटाळून पोळीचा तुकडा टाकतात आणि कुत्रं शिकतं की जास्त वेळ भुंकलं की मिळतं. तेवढे दिवस घरच्यांनी दम काढायचा आणि शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवायचं.

एकटं राहिल्यावर रडणारं कुत्रं हे वेगळंच आणि त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सिडकोत, पाथर्डी फाट्याला कितीतरी घरं अशी आहेत की नवरा अंबडला कंपनीत, बायको दुसरीकडे नोकरीला, आणि कुत्रं सकाळी आठपासून सहापर्यंत वन बीएचकेमध्ये. ते दार ओरबाडतं, लाळ गळून फरशी ओली होते, शिकलेलं असूनही शू करतं, आणि हे सगळं बहुतेक वेळा तुम्ही बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात होतं. फोन लावून रेकॉर्ड करून बघा म्हणजे कळेल. तो सूड नसतो, घाबरगुंडी असते. चपला घालून, किल्ली हातात घेऊन परत सोफ्यावर बसा, असं करत राहा म्हणजे किल्लीच्या आवाजाची भीती जाईल. मग दाराबाहेर दोन सेकंद, मग दहा, मग मिनिट, ते शांत असतानाच परत यायचं आणि येता-जाता मोठा निरोपसमारंभ करायचा नाही. निघताना जुन्या टॉवेलमध्ये भाकरीचे, उकडलेल्या अंड्याचे तुकडे गुंडाळून द्या, शोधून खाण्यात त्याचं डोकं गुंततं. फार घाबरत असेल तर डॉक्टरांकडे यासाठी औषधं असतात आणि शिकवण्याच्या जोडीने ती घ्यायला लाजू नका. आणि खरं सांगू, ज्यांना दहा तास घर बंद ठेवायचंय आणि मधे कोणी डोकावणार नाही त्यांनी पिल्लू आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तरी.

फिरायला नेणं हे छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त टाळलं जातं, ‘त्याला घरातच एवढं पळायला मिळतं की’. अहो पळण्यासाठी नाही, हुंगण्यासाठी न्यायचं असतं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर किंवा गोदाकाठी सोमेश्वरच्या बाजूला सकाळी लवकर न्या आणि त्याच्या चालीने चाला, एका झाडापाशी पाच मिनिटं हुंगत बसलं तर बसू द्या, घरी येऊन ते शांत झोपतं. गळ्यात पट्टा घालून ओढू नका, छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, काहींची दबून कायमचा खोकला लागतो, छातीचा हार्नेस घ्या. समोरून मोठं कुत्रं आलं की झटकन वर उचलून घ्यायची सवयही कमी करा, धोका असेल तर उचलाच, पण दर वेळी उचललं की त्याला वाटतं समोरचं खरंच भयंकर आहे आणि वरून ते आणखी भुंकतं. त्याऐवजी रस्ता ओलांडा, लांबून बघू द्या, तुकडा द्या, पुढे चला.

तुकडा तुकडा म्हणते आहे तर काय द्यायचं नाही ते ठळक लिहिते, कारण आपण नाशिककर आहोत. द्राक्षं आणि बेदाणे-मनुका कुत्र्याला अजिबात द्यायचे नाहीत, त्याने किडनी फेल होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही. छोट्या कुत्र्याला थोडेसेही जड जाऊ शकतात. आपल्याकडे सीझनमध्ये घराघरात पेट्या उघड्या असतात, शिऱ्यात, प्रसादात बेदाणे असतात, पोरं प्रेमाने भरवतात. खाल्ले असतील तर उलटी होते का बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. कांदा-लसूण, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असतं ते झायलिटॉल, हेही तसंच विषारी. शिकवण्यासाठी उकडलेलं चिकन, अंडं, गाजर, थोडं पनीर, नखाएवढे तुकडे पुरतात, आणि दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर वजन वाढून त्याच गुडघ्यांवर येतं.

गणपती नुकतेच गेले, ढोल-ताशांनी कितीतरी कुत्री दोन दिवस पलंगाखाली होती. दिवाळी आता महिन्यावर आहे म्हणून हे पत्र आत्ताच छापा अशी विनंती आहे, कारण फटाक्यांची तयारी वसुबारसेला सुरू करून काही होत नाही, आत्तापासून करावी लागते. फटाक्यांचा आवाज फोनवर अगदी बारीक लावून जेवण द्या, ते आरामात खातंय तोवरच थोडा वाढवा. घरातली आतली, खिडकी नसलेली जागा ठरवून तिथे गोधडी टाकून ठेवा, दार उघडं ठेवा, त्याला हवं तेव्हा जाऊ दे. घाबरून मांडीत आलं तर जवळ घ्या, जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. मागच्या वर्षी फार घाबरलं असेल तर आत्ताच डॉक्टरांना भेटा, नुसती गुंगी आणणारं औषध भीती घालवत नाही, त्यांच्याकडून नीट विचारून घ्या आणि माणसांची झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. त्या दिवसांत फिरवणं उजेडातच उरका आणि गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला हवाच, घाबरून पळालेली कुत्री मैलभर लांब सापडतात. पुढे 2027 चा सिंहस्थ आहे, पंचवटी आणि गोदाघाटाच्या आसपास राहणाऱ्यांच्या दाराशी महिनोन् महिने गर्दी आणि लाऊडस्पीकर असणार, त्यांच्या कुत्र्यांना तर आवाजाची सवय आतापासूनच करायला हवी.

सोसायट्यांच्या कमिट्यांनाही एक सांगायचंय. नोटीस लावण्याआधी त्या घरी जा आणि विचारा कुत्रं नेमकं कधी भुंकतं, तुम्ही घरी असताना की नसताना. नसताना भुंकत असेल तर दुपारी घरी असणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याने मधे अर्धा तास डोकावायची व्यवस्था केली तरी सगळ्या मजल्याची दुपार शांत जाते, आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी असंच करतात आणि त्यांनाही ते आवडतं. आणि मालकांनी लिफ्टमध्ये दुसरं कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघावी, लिफ्टसारख्या बंद जागेत घाबरलेलं कुत्रं सगळ्यात लवकर चावतं, आणि ‘काही करत नाही हो तो’ असं समोरच्या घाबरलेल्या माणसाला म्हणणं आजपासून बंद करावं.

पत्र लांबलं, काटछाट करावी लागली तर माझ्याबद्दलचा मजकूर काढा पण द्राक्षांचा आणि जखम धुण्याचा भाग तसाच ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक